मामांची जीप : मृगाच्या आधीच्या नोंदी (२०२५)

९ मार्च, रविवार

दिंडोरीच्या मळ्यातून मामांची जीप टो करून नाशिकला पाथर्डी फाट्याच्या शेडमध्ये आणली. १९९८ ची गाडी. चार सिलिंडर, २.१ लिटर डिझेल, टर्बो नाही, डिझेलचा रोटरी पंप, पार्ट-टाइम फोर बाय फोर (पुढची चाकं हवी तेव्हाच जोडायची). मीटर १,४६,००० वर कधीच थांबलंय, त्यामुळे खरं रनिंग किती ते मामांनाही सांगता येत नाही. दोन पावसाळे गाडी एका जागी उभी होती.

मामांची तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवतो: "सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, मग पांढरा धूर सोडत उठते. चढाला दम सोडते. घाटात काटा लालला टेकतो."

दोन गॅरेजवाल्यांनी गाडी पाहिली होती. दोघांनीही धूर बघून सांगितलं की इंजिन उतरवा, लायनर-पिस्टन (सिलिंडरचं आतलं अस्तर आणि त्यातला दट्ट्या) टाका, क्रँक ग्राइंड करा, हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) काम करा. सत्तर-ऐंशी हजार. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज दोघांपैकी कोणीच लावलं नाही. मी अंबडला टूलरूममध्ये काम करतो, दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो. न मोजता इंजिन खोलणं मला पटत नाही. म्हणून या कामाला एकच नियम घातलाय: आधी मोजायचं, वहीत लिहायचं, मग पाना लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

घाई कशासाठी, तेही लिहितो. पेठ तालुक्यात मामांची आंब्याची कलमं आहेत. डांबरी रस्ता सोडल्यावर तीन किलोमीटर लाल माती आणि मध्ये एक ओहोळ. गेल्या पावसाळ्यात तिथल्या पाड्यावरच्या एका बाळंतिणीला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागलं, आणि तेव्हा ही जीप दिंडोरीत पत्र्याखाली उभी होती. मामांच्या मनाला ते फार लागलंय. मृगाच्या आधी गाडी तिथे पोचवायची.

१६ मार्च, रविवार

सुरुवात टाकीपासून. ड्रेन बोल्ट सैल केला आणि आधी पाणीच आलं. बाटलीत धरलं, अर्धा लिटरहून थोडं जास्त. त्यामागून काळी, बुळबुळीत साय, आणि मग डिझेल. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी केली की रात्री गार पत्र्याला आतल्या हवेची वाफ धरते आणि ते पाणी तळाशी बसतं. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात, त्या थरात सूक्ष्म जिवाणू-बुरशी वाढते. ती काळी साय म्हणजे तेच. फिल्टरच्या काचेच्या वाटीतही तीच होती.

टाकी उतरवली, दोनदा डिझेलने खळबळून धुतली, उन्हात वाळवली. फिल्टर नवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा रबरी पाइप वाकवून पाहिला, तर बारीक भेगा. अशा भेगेतून डिझेल गळत नाही, पण तिथे ओढ असल्यामुळे हवा आत जाते. गाडी एअर घेते आणि बाहेरून सगळं कोरडं दिसतं. म्हणून हा दोष लोकांना सापडत नाही. पाइप बदलला, क्लिपा नव्या.

मग डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढली. फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करून हॅन्ड प्रायमर (हाताचा छोटा पंप) मारायला मावसभावाला बसवलं. आधी नुसती फुसफुस, मग साबणासारखा पांढुरका फेस, मग फेसात मोठे बुडबुडे, आणि मग एकदम काचेसारखी स्वच्छ धार. ती धार दिसल्यावरच स्क्रू आवळायचा. घाईने फेस असतानाच आवळला की पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर पंपाचा स्क्रू, आणि शेवटी सेल्फ मारत नोझलचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे) नट एकेक.

गाडी उठली. पांढरा धूर आहेच, पण चालू राहतेय. धुराजवळ उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात आणि वास कच्च्या डिझेलचा. पांढऱ्या धुराची दोन कारणं: न जळलेलं डिझेल, नाहीतर आत शिरलेलं पाणी. पाण्याचा धूर डोळ्यांना असा झोंबत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. निळा इथे जवळपास नाहीच. सत्तर हजारांचं काम सांगणाऱ्यांनी एवढा वास तरी घ्यायला हवा होता.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. रहाडीच्या (रंग खेळायच्या जुन्या हौदांच्या) बाजूला जायची सोय नाही, दुकानं बंद. गेज मागवून ठेवलं.

२३ मार्च, रविवार

आज महत्त्वाचा दिवस.

आधी बॅटरी. सेल्फ मारताना व्होल्टेज ८.८ पर्यंत पडत होतं. बॅटरी चांगली निघाली, दोष अर्थिंगच्या पट्टीत. इंजिन आणि चॅसिसमधली तांब्याची पट्टी हिरवी पडून निम्मी तुटलेली. नवी जाड पट्टी लावल्यावर १०.२. सेल्फचा आवाजच बदलला. डिझेल इंजिन स्पार्कवर पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर पेटतं. क्रँक हळू फिरला की दाबतानाच उष्णता सिलिंडरच्या भिंतीतून निसटते. म्हणजे सकाळच्या त्रासातला मोठा वाटा या एका पट्टीचा.

मग हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना आतून तापवणारे. आदल्या रात्री कडेने डिझेल-रॉकेल सोडून ठेवलं होतं, सकाळी इंजिन कोमट करून सोडवले. हे प्लग थंड्या इंजिनात जोर लावून फिरवले की मोडतात आणि टोक हेडमध्ये राहतं, मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. मीटरवर दोन प्लग एक ओहमच्या आत, दोन पूर्ण तुटलेले. चारही बदलले.

प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन गेज लावलं, पंपाच्या सोलेनॉइडची वायर काढून. पहिला २६ बार, दुसरा २५, तिसरा २६, चौथा २१. पहिले तीन पाहून मी मामांना लगेच फोन केला. या वयाच्या इंजिनाला हे आकडे समाधानाचे आहेत. चौथ्याचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, तपासले तर एक्झॉस्टला गॅपच उरली नव्हती, फीलर गेजचं सगळ्यात पातळ पान जाईना. व्हॉल्व्ह सीटवर झिजत बसतो तसा वर सरकतो आणि गॅप संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि तसंच चालवलं तर व्हॉल्व्हची कड जळते. थंड इंजिनावर इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२५ मिलिमीटर ठेवून आठही टॅपेट लावले. चौथा पुन्हा मोजला: २४.

लायनर-पिस्टनचा प्रश्न इथेच मिटला. मामा फोनवर दोन वेळा म्हणाले, "नीट बघितलंस ना रे?" चारही आकडे पुन्हा वाचून दाखवले.

एअर क्लीनर जुन्या पद्धतीचा, ऑइल बाथचा. वाटीत ऑइलऐवजी ओलसर माती. द्राक्षाच्या मळ्यात ट्रॅक्टरमागे धावलेली गाडी आहे. एवढ्या धुळीत लायनर वाचले ते मधली रबरी नळी आणि क्लिपा शाबूत होत्या म्हणून. वाटी धुऊन खुणेपर्यंत ऑइल भरलं. खुणेच्या वर भरायचं नाही, इंजिन ते ओढून घेतं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गाडीला हार घातला, सकाळी सातला हीटर धरून सेल्फ मारला, दुसऱ्या फेऱ्याला उठली. पांढरा धूर पाऊण मिनिटात विरला. स्लोवर (उभ्या गाडीच्या कमी रेसवर) मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं, मात्र आहे. प्रत्येक नोझलचा नट एकेक सैल करून पाहिला. ज्याला सैल केल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. दुसऱ्याला फरक फार थोडा.

५ एप्रिल, शनिवार

चारही नोझल घेऊन नाशिकच्याच द्वारकेला पंप-नोझलच्या कामातल्या जुन्या चाचांकडे. त्यांनी पहिला नोझल टेस्टरला लावला, हँडल दाबलं. चांगला नोझल दाबला की कुर्रर्र असा बारीक करवतीसारखा आवाज येतो आणि धुक्याचा एकसारखा शंकू सुटतो. दुसऱ्याचा आवाजच नाही. टोकावर थेंब जमला, लोंबला, पडला. चाचांनी खाली धरलेल्या कागदावर तो तेलकट डाग पसरताना दाखवला. "हा थेंब जळत नाही भाऊ, पिस्टनवर बसून खड्डा करतो."

उघडण्याचा दाब ११५ बार हवा होता. निघाले ते ९०, १०५, ११०, १०५. दुसऱ्याची नीडल-बॉडी नवी, बाकी तीन साफ करून शिम (पातळ चकत्या) घालून चारही ११५ ला आणले. मी जवळ वाकलो तर चाचांनी हाताने मागे सारलं. ही धार कातडीतून आत शिरते, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आतला भाग सडतो, बोट कापायची वेळ येते. टेस्टरसमोर हात न्यायचा नाही.

बसवताना तळाचे तांब्याचे वॉशर नवे घेतले. जुने दाबलेले वॉशर पुन्हा लावले की गॅस गळतो. मिसिंग गेलं. स्लो एकसारखी.

१३ एप्रिल, रविवार

पहिली खरी परीक्षा. इगतपुरीकडून कसारा घाट उतरून परत चढ. दम आहे, तिसऱ्यात ओढतेय. पण अर्ध्या घाटात तापमानाचा काटा वर सरकायला लागला आणि वर पोचेपर्यंत लालला. बाजूला घेतली, इंजिन बंद न करता जरा रेसवर ठेवलं. टूलरूमचा इन्फ्रारेड थर्मामीटर हेडच्या आउटलेटवर धरला: १०४. काटा खोटं बोलत नव्हता. ओव्हरफ्लो पाइपातून वाफ.

सोबत आलेले एक ओळखीचे फिटर म्हणाले, "हेड गॅस्केट." असेलही; हेडखालची ही पट्टी फुटली की जळका गॅस पाण्यात शिरतो. पण तपासल्याशिवाय हेड उतरवणार नाही.

२० एप्रिल, रविवार

गॅस्केट टेस्टचं निळं द्रव आणलं. रेडिएटरच्या तोंडाशी त्यातून हवा ओढायची, जळका गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. इंजिन गरम करून वीस मिनिटं पाहिलं. निळंच राहिलं. थंड असताना कॅप काढून रेस दिली, बुडबुडे नाहीत. डिपस्टिकवर ताकासारखा पांढुरका थर नाही. गॅस्केट शाबूत.

मग जे सापडलं ते ओळीने.

रेडिएटर: आत पांढरट क्षार इतके, की वरून ओतलेलं पाणी खालून बारीक धारेने येतंय. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलं. किटलीच्या बुडाशी धरतो तोच थर. बाहेरच्या जाळीत चिखल. कोअर बदलायला दिली.

कॅप: रबर वाळून कडक. ०.९ बारची कॅप धड असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप दाब धरत नसेल तर इगतपुरीच्या उंचीवर ९८ लाच उकळतं. घाटातल्या वाफेचं कारण हेच.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप): जागेवर नाहीच. कोणीतरी "गरम होते" म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात आणि मला त्याचा राग येतो. मूळ दोष तसाच राहतो, आणि वर इंजिन सपाटीला कायम थंड चालतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइलमध्ये गाळ होतो, लायनर लवकर झिजतात. नवा आणला, त्याच्या कडेवर ८२ कोरलेलं. आईच्या पातेल्यात पाणी ठेवून दोऱ्याने टांगला, शेजारी थर्मामीटर. ७८, ८०, काही नाही. ८२ ला कडेला केसाएवढी फट. मग मेणाची ती छोटी डबी फुगत गेली तशी तबकडी सावकाश उचलली जाऊ लागली, ९५ ला पूर्ण उघडा. गॅस बंद केल्यावर तसाच सावकाश मिटला. आई पण थांबून बघत होती.

श्राउड: फॅनभोवतीचं पत्र्याचं कडं गायब, फक्त ब्रॅकेट शिल्लक. कडं नसलं की फॅन तीच गरम हवा घुसळत राहतो. घाटात गाडीचा वेग कमी, सगळा भार फॅनवर, त्यामुळे तिथेच उणं पडतं. पत्रा कापून नवं बनवलं, पात्यांपासून कडं साधारण वीस मिलिमीटर लांब.

वॉटर जॅकेट उलट दिशेने धुतलं, पाण्याचा लाल रंग जाईपर्यंत. आता कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. बोअरचं पाणी यापुढे बंद.

२७ एप्रिल, रविवार

जीपला हात नाही. गंगापूर रोडचे दाजी त्यांची बीएस-६ (प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांची) डिझेल फोर बाय फोर घेऊन आले, डॅशबोर्डवर डीपीएफचा (काजळीच्या फिल्टरचा) पिवळा दिवा. गाडीत दोष नाही, वापर तसा आहे. रोज घर ते ऑफिस पाच किलोमीटर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल देऊन त्याला ६०० अंशांच्या आसपास तापवते आणि काजळी जाळते. त्यासाठी सलग वीसेक मिनिटं मोकळा रस्ता लागतो. दाजी दर वेळी मध्येच गाडी बंद करतात. अर्धवट राहिलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर, आणि वास डिझेलचा. "दाजी, ऑइल वाढलं म्हणून खूश होऊ नका, ते पातळ झालंय."

सिन्नरपर्यंत एकसारख्या वेगाने नेऊन आणली, परतीच्या वाटेवर दिवा गेला. ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगितलं, आणि ऑइल डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच. अजून एक बजावलं: अशा कॉमन रेल गाडीत दाब १,६०० बारच्याही वर जातो आणि इंजेक्टरमधली फट काही मायक्रॉनची. जीपने अर्धा लिटर पाणी सोसलं, ही गाडी चमचाभरही सोसणार नाही. वॉटर सेपरेटरचा दिवा लागला तर पुढे दामटायची नाही.

११ मे, रविवार

चारही चाकांचं काम. ट्रान्सफर केसचं (ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचं) ऑइल बरं. पुढच्या अॅक्सलचा बोल्ट काढला आणि दुधाच्या चहासारखं ऑइल आलं. पाणी शिरलेलं. सील चांगली दिसत होती, मग पाणी कुठून? ब्रेदर (आतली हवा जायची-यायची वाट) काढून उजेडात धरला, आरपार दिसेना. तार घातली तर वाळलेल्या मातीचे तुकडे आणि मेलेल्या अळ्या. कुंभारमाशीने आत घर केलेलं.

धावून तापलेला अॅक्सल ओहोळाच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रेदर मोकळा असेल तर तिथून हवा ओढली जाते. बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी ओढलं जातं. दोन्ही अॅक्सलचे ब्रेदर आता लांब नळीने बॉनेटच्या उंचीला नेले, टोकाला बारीक जाळी. अॅक्सल दोनदा धुऊन ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस, पुढचा एक क्रॉस बदलला.

फोर बाय फोरचा लिव्हर गंजून घट्ट. रॉडचे सांधे सोडवून साफ केले. महिन्यातून एकदा तरी मातीवर लावून चालवायला हवा, पण डांबरावर नाही. या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर दोन्हींना वेगळं अंतर कापायचं असतं, डांबरावर चाक घसरून ते भरून निघत नाही आणि सगळा पीळ गिअरवर येतो. मग लिव्हर निघत नाही. जरा रिव्हर्स घेतली की पीळ सुटतो.

१८ मे, रविवार

मेमध्येच पाऊस. मळ्यात कांदा भिजला, मामा त्या धावपळीत. इंजिन ऑइल बदललं, १५डब्ल्यू-४०. फॅन बेल्ट दाबून पाहिला, अंगठ्याखाली बारा मिलिमीटर.

२५ मे, रविवार

पुन्हा कसारा घाट, भर दुपारी, मागे २०० किलो वाळूच्या गोण्या. आउटलेटवर वर पोचताना ९१. काटा मध्यभागी. धूर जवळपास दिसत नाही.

उद्या-परवा मान्सून मुंबईत येतोय म्हणतात. मृग राहिला बाजूला.

१ जून, रविवार

मान्सून २६ तारखेलाच मुंबईत पोचला. मामा आणि मी पेठला निघालो, सावळघाट धुक्यात. गाडी एका लयीत चढली. मामा सगळा घाट काट्याकडे बघत होते, वर पोचल्यावरच खिडकीबाहेर पाहिलं.

ओहोळाला पाणी गुडघ्याच्या थोडं खाली. आधी उतरून काठीने तळ पाहिला. फॅन बेल्ट सैल केला, लो रेंज (हळू पण जास्त ओढीचे गिअर), पहिला गिअर, एकसारखी रेस. पाणी ओलांडताना मामांना मुद्दाम सांगितलं: समजा मध्येच बंद पडली आणि एअर क्लीनरपर्यंत पाणी चढलेलं असेल, तर सेल्फ मारायचाच नाही. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून काढायची, हीटर प्लग काढून पाणी बाहेर फेकायचं, मगच पुढचं.

बंद पडली नाही. वर गेल्यावर बेल्ट आवळला, ब्रेक कोरडे केले.

८ जून, रविवार

आठवडाभर गाडी पाड्यावर. मामांनी किल्ली राखणदाराच्या घरी, दाराशेजारच्या खुंटीला ठेवलीय, पाड्यात कोणालाही रात्री हाक मारून घेता यावी म्हणून. त्याच्या मुलाला चालवता येते. त्याला बाजूला बसवून दोन गोष्टी स्वतःच्या हाताने करायला लावल्या: फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढणं आणि प्रायमर मारून एअर काढणं. फेस येत असताना त्याने स्क्रू आवळायला घेतला, मग माझ्याकडे पाहून थांबला आणि धार येईपर्यंत पंप मारत राहिला.

पुढच्या अॅक्सलचं ऑइल काढून पाहिलं, रंग स्वच्छ. उजव्या हबचं सील किंचित पाझरतंय, दिवाळीनंतर घेईन. टाकी संध्याकाळी भरून ठेवायला सांगितलंय. मीटरची केबल बसवली, १,४६,००० पासून पुढे मोजायला सुरुवात. इंजिनचं पुढचं ऑइल १,५१,००० ला बदलायचं.